डोंगरवेडी बायको, आरामप्रेमी नवरा आणि आठवडाभराची क्रूझ

कातळवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज वेळ मिळालाय तर लिहून काढते. मोठं होईल, चालवून घ्या.

मला सुट्टी म्हटली की पाठीवर सॅक आणि पुढे चढ एवढंच दिसतं. तंबू, हेडटॉर्च, मध्यरात्री उठून समिटला निघणं, थंडीने बधिर झालेली बोटं, हे सगळं मला मनापासून आवडतं. नवऱ्याचं बरोब्बर उलट. त्याला सकाळी उशिरा उठायचं असतं, खिडकीतून पाणी दिसलं पाहिजे, हातात पुस्तक पाहिजे आणि रोज नव्या ठिकाणी बॅगा उघडाबंद करायची कटकट नको. इतकी वर्षं आम्ही आपापल्या सुट्ट्या वेगवेगळ्या घेत आलो, मी माझ्या ग्रुपबरोबर आणि तो त्याच्या मित्रांबरोबर, त्यात कोणाची तक्रार नव्हती. पण या वेळी तो म्हणाला की यंदाची सुट्टी दोघांनी एकत्र घ्यायची, आणि त्याने अलास्काची क्रूझ शोधून समोर ठेवली. त्याला माझ्याबरोबर राहायचं होतं, दमायचं नव्हतं. मला ते पटलं आणि आम्ही गेलो.

पहिला सी डे मला जड गेला हे खरं. सी डे म्हणजे ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही तो दिवस. शरीराला दिवसभर चालायची सवय असली की बसून राहणं अंगावर येतं. नवरा डेकवर खुर्ची टाकून निवांत बसलेला आणि मी त्याच्या भोवती येरझाऱ्या घालतेय. मग मी दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठायला लागले. पहाटेचा प्रोमनेड डेक म्हणजे जहाजाला वेढा घालणारा चालायचा मार्ग, तिथे त्या वेळी चिटपाखरू नसतं, वारा सणसणीत असतो आणि किती फेऱ्यांचा एक मैल होतो ते भिंतीवर लिहिलेलं असतं. तास-दीड तास तिथे जोरात चालून आलं की मी दिवसभर माणसात असायचे. नवरा उठायच्या आत माझा कोटा पूर्ण, मग नाश्त्याला दोघं एकत्र, आणि तेव्हा मला खरंच कुठे जायची घाई नसायची.

दुसरी गोष्ट म्हणजे नकाशा. केबिनमधल्या टीव्हीवर एक चॅनल असतो त्यात जहाज कुठे आहे, वेग किती, वारा कुठून येतोय हे दिसत राहतं. मी ट्रेकला जाताना नकाशा पाठ करूनच जाते, तर इथेही कागदी नकाशा घेऊन बसले आणि कुठल्या बेटांच्या मधून चाललोय, ही खाडी कुठे जाते, हा डोंगर कुठला हे बघत बसायचे. नवऱ्यालाही यात रस वाटायला लागला हे मला अपेक्षित नव्हतं. तो बसल्या जागेवरून दुर्बिणीने देवमासे शोधायचा आणि मी त्याला सांगायचे आपण कुठे आहोत.

ग्लेशियर बे नॅशनल पार्कचा दिवस तर मी आयुष्यात विसरणार नाही. तिथे नॅशनल पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची प्रचंड भिंत उभी होती. १८७९ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ पन्नासएक किलोमीटर मागे गेलेला, आणि १९१६ पर्यंत तो तोंडापासून ६५ मैल म्हणजे साधारण १०५ किलोमीटर मागे सरकला होता. आमचं जहाज दिवसभर ज्या पाण्यातून आत चाललं होतं तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी शेकडो मीटर जाडीचा बर्फ होता. मी हिमनद्यांवर क्रॅम्पॉन म्हणजे बुटांना लावायचे लोखंडी काटे घालून चाललेय, पण हिमनदी कुठून कुठवर गेली हे असं एका दिवसात डोळ्यांनी बघायला मिळालं नव्हतं, पायी ते शक्यच नाही. मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज थांबलं, कडा कोसळताना आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, तिथले मूळ रहिवासी त्लिंगिट लोक त्या आवाजाला पांढरी गर्जना म्हणतात. त्या वेळी डेकवर शेकडो माणसं होती आणि तरी कोणी बोलत नव्हतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा धागा काढलाय. अलास्कातल्या जुनो बंदरात उतरलो तेव्हा गावाच्या मागेच माउंट रॉबर्ट्स आहे. धक्क्यापासून तिथे ट्रामवे म्हणजे दोरीवरचा पाळणा जातो, सुमारे ५५० मीटर उंचीपर्यंत, आणि त्याच जागी पायवाटेनेही जाता येतं. मी पहाटेच पायी निघाले, झाडीतला ओला चढ, मुळं, चिखल, मस्त घाम निघाला. नवरा आरामात आवरून पाळण्याने आला. वर दोघं भेटलो, खाली आमचं जहाज आणि समुद्राचा सगळा चिंचोळा पट्टा दिसत होता, तिथून पुढे झाडांच्या रेषेच्या वरपर्यंत थोडं एकत्र चाललो आणि उतरताना दोघं पाळण्यातून आलो. मला माझा डोंगर मिळाला, त्याला त्याची सकाळ मिळाली आणि त्या दिवशी आम्ही दोघं सगळ्यात जास्त बोललो.

माझं म्हणणं असं आहे की अशा जोडप्यांनी क्रूझ निवडताना जहाज किती मोठं, त्यात काय काय आहे हे नंतर बघावं, आधी बंदरं बघावीत, आणि बंदरं अशी निवडावीत जिथे एकाच ठिकाणी जायला दोन वाटा आहेत, एक कष्टाची आणि एक सोपी. दिवसभर दोघांनी दोन दिशांना जाणं वेगळं आणि दोन वाटांनी एकाच जागी पोचणं वेगळं.

तर अशी बंदरं कोणाला माहीत असतील तर सांगा. आणि तुमच्यापैकी कोणी अशी वेगवेगळ्या आवडींची सुट्टी निभावली असेल तर तेही लिहा. पुढची क्रूझ नवऱ्याने नॉर्वेची सुचवलीय.

संथवाहिनी

ताई, फार छान लिहिलंय. मी तुमच्या नवऱ्याच्या पक्षातली आहे. माझा नवरा क्लाइंबर आणि मी खुर्चीवाली. तर त्या बाजूने दोन शब्द लिहिते.

आराम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार त्रास देते, ती म्हणजे "कंटाळा नाही आला का" हा प्रश्न. दर अर्ध्या तासाने कोणी असं विचारलं की आपण काहीतरी वाया घालवतोय असं वाटायला लागतं आणि मग आरामच होत नाही. मी वर्षभर माणसांच्या गर्दीत काम करते, सतत कोणाला तरी काहीतरी सांगत असते, मला सुट्टीत समोर फक्त पाणी हलताना बघायचं असतं आणि ते मला पुरतं. नवऱ्याला हे समजायला वेळ लागला पण समजलं. आता तो विचारत नाही, येऊन शेजारी बसतो, आणि थोड्या वेळाने उठून जिमला किंवा डेकवर जातो, त्याचंही मला वाईट वाटत नाही.

तुम्ही पहाटेचं जे लिहिलंय ते अगदी बरोबर. ज्याला हालचाल पाहिजे त्याने दिवसाची सुरुवात स्वतःसाठी ठेवायची, आणि संध्याकाळ दोघांची. आम्ही रात्रीचं जेवण कधीच मोडत नाही. फोन केबिनमध्ये. त्या दोन तासात त्याने काय पाहिलं ते तो सांगतो, मी काय वाचलं ते मी सांगते.

गलबत

मी मालवाहू जहाजांवर डेक ऑफिसर म्हणून बरीच वर्षं काढली. क्रूझवर नोकरी नाही केली पण पाणी तेच आहे. कातळवाट ताई नकाशा घेऊन बसल्या हे वाचून बरं वाटलं, जहाजावर डोळे उघडे ठेवून बसणाऱ्याला बघायला रोज काहीतरी असतं.

तुम्ही व्हँकूव्हरहून निघाला असाल तर सीमोर नॅरोजमधून गेला असाल, व्हँकूव्हर आयलंड आणि क्वाड्रा आयलंडच्या मधली चिंचोळी खाडी. तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह १५ नॉटपर्यंत जातो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे पाणी ताशी २८ किलोमीटरच्या आसपास वेगाने वाहतं. म्हणून मोठी जहाजं तिथे भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळेला पोचायचं गणित करूनच निघतात. त्यात पूर्वी बरोबर मधोमध रिपल रॉक नावाचा खडक होता, ओहोटीला पाण्याखाली तीनएक मीटरवर त्याचं टोक, त्याने कितीतरी जहाजं आणि शंभराच्या वर माणसं घेतली. शेवटी शेजारच्या मॉड बेटावरून खाली बोगदा खणून, समुद्रतळाखालून खडकात वर शिरून आत स्फोटकं भरली आणि ५ एप्रिल १९५८ ला तो उडवला. अणुस्फोट सोडले तर त्या काळच्या सर्वात मोठ्या ठरवून केलेल्या स्फोटांपैकी तो एक. बहुतेक प्रवासी त्या वेळी जेवत असतात किंवा झोपलेले असतात. पुढच्या वेळी जहाज तिथे कधी पोचणार ते विचारून ठेवा आणि डेकवर या, पाण्यात भोवरे दिसतात.

दुसरं, पायलट. अशा पाण्यात स्थानिक पायलट घेणं बंधनकारक असतं. छोटी बोट जहाजाच्या कुशीला येते, दोन्ही चालतच असतात, आणि तो माणूस दोरीच्या शिडीवरून चढतो किंवा उतरतो. खराब हवेत हे काम फार धोक्याचं आहे. तुम्ही चढाई करणाऱ्या आहात, तुम्हाला ते बघताना कळेल त्यात काय लागतं. खालच्या उघड्या डेकवरून दिसतं, बंदराच्या तोंडाशी लक्ष ठेवा.

आणि वेळेचं सांगतो, कारण पायी भटकणाऱ्यांना हे लागतं. जहाज सुटायच्या साधारण अर्धा तास आधी सगळ्यांनी आत यायचं असतं, त्याला ऑल अबोर्ड म्हणतात. कॅप्टन थांबत नाही याला कारण आहे. धक्क्याचं बुकिंग, पायलटची वेळ, भरतीची वेळ, पुढच्या बंदरातली जागा हे सगळं साखळीत असतं. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवायची जबाबदारी घेतं. स्वतःच्या हिमतीवर गेलात तर ती तुमची. शिवाय जहाजाची वेळ आणि गावातली वेळ कधीकधी वेगळी असते, फोन आपोआप बदलतो. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून तेच वापरा.

कातळवाट

@संथवाहिनी, "कंटाळा नाही आला का" हे वाचून मी नवऱ्याला विचारलं, त्याने फक्त मान हलवली. आता हा प्रश्न आमच्या घरातून बंद.

@गलबत काका, सीमोर नॅरोज रात्री गेलं, आम्ही झोपलेलो. पण पायलट मी पाहिला! पहाटेच्या फेरीत. शिडीला दोन्ही हात, खाली बोट लाटेवर वरखाली होतेय, आणि तो माणूस बरोबर वरच्या क्षणी पाय टाकतो. मी तिथेच थांबून राहिले. घड्याळाचं मात्र सगळ्यांनी लिहून ठेवा, माझाही नियम होता की परतीला निम्म्याहून जास्त वेळ राखायचा आणि वळायची वेळ आली की कुठे पोचलोय ते न बघता वळायचं. डोंगरात टर्नअराउंड टाइम जसा पाळतो अगदी तसाच.

मुसाफिर_नवी

ताई, आम्ही पहिल्यांदाच जाणार आहोत, अलास्काच ठरतंय. दोन शंका. जहाज लागण्याचा त्रास कितपत होतो? आणि जुनोशिवाय बाकीच्या बंदरात पायी काय करता येतं, मला गाइडशिवाय जमेल का?

कातळवाट

@मुसाफिर_नवी, आधी मार्ग बघा. साधारणपणे व्हँकूव्हरहून निघणारी जहाजं बेटांच्या आतल्या बाजूने जातात, त्याला इनसाइड पॅसेज म्हणतात, तिथे पाणी बरंच शांत. सिअॅटलहून निघणारी बहुतेक व्हँकूव्हर आयलंडच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. सिअॅटलची जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळचं थोडा वेळ का थांबतात याचंही कारण आहे, १८८६ चा अमेरिकन कायदा परदेशी झेंड्याच्या जहाजाला फक्त अमेरिकन बंदरांमधून प्रवासी फिरवू देत नाही, मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. त्यामुळे व्हिसा बघताना कॅनडाचाही विचार करा, कुठूनही निघालात तरी.

पायी म्हणाल तर स्कॅगवे हे माझं सगळ्यात आवडतं. गावातूनच लोअर ड्युई लेकची वाट सुरू होते, सुरुवातीला चांगला चढ आणि मग तळ्याभोवती सपाट. अप्पर ड्युई लेक मात्र सुमारे ९०० मीटर चढाचं आहे, त्याला सवय आणि पूर्ण दिवस पाहिजे, बंदरातला वेळ कमी असेल तर नकोच. नवऱ्याने तिथे व्हाइट पास रेल्वे घेतली. १८९८ ते १९०० मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याच्या धावपळीत बांधलेली अरुंद गेजची लाइन, ३२ किलोमीटरमध्ये जवळजवळ ९०० मीटर चढते, एका बाजूला सरळ दरी. त्या काळात सोनं शोधायला जाणाऱ्याला कॅनडाच्या सरहद्दीवर वर्षभराचा शिधा आणि सामान दाखवावं लागायचं, सगळं मिळून टनभर, आणि ते पाठीवर थोडं थोडं करत पुन्हा पुन्हा खिंड चढून न्यायचे. शेजारचीच चिलकूट ट्रेल ती, ५३ किलोमीटर. ती एकदा करायचीच आहे मला, पण ती क्रूझमध्ये बसत नाही.

केचिकनला डियर माउंटन आहे, ९१५ मीटर. पहिला ओव्हरलुक म्हणजे खालचं दृश्य दिसणारी जागा साधारण दीड किलोमीटर चढल्यावर येतो, तिथून परत फिरलात तरी समाधान होतं. पाऊस धरून चला, तिथे वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पडतो. जुनोला मेंडेनहॉल ग्लेशियरजवळ नगेट फॉल्सची वाट आहे, जाऊन येऊन तीन-सव्वातीन किलोमीटर आणि सपाट, ती नवऱ्याने माझ्याबरोबर पूर्ण केली.

गाइडशिवाय जमेल, वाटा स्पष्ट आहेत, पण अस्वलांचा मुलूख आहे. एकटी असाल तर मोठ्याने बोलत किंवा टाळ्या वाजवत चला, वळणावर अचानक समोर येऊ नये म्हणून. अस्वलाला दूर ठेवायचा स्प्रे बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, कंपनीची यादी आधी वाचा आणि बंदरात उतरल्यावर भाड्याने मिळतो का विचारा. केबिनमध्ये नकाशा ठेवून कुठली वाट घेतली ते जोडीदाराला सांगूनच उतरायचं.

गलबत

जहाज लागण्यावर मी लिहितो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण हलतोय आणि डोळे केबिनच्या भिंतीकडे बघून सांगतात आपण स्थिर आहोत, त्या भांडणातून मळमळ होते. म्हणून उघड्यावर येऊन क्षितिजाकडे बघायचं. केबिन घेताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या, टोकाला आणि वर झुलणं जास्त. जहाजाच्या बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते आडवं डोलणं बरंच कमी करतात पण पुढेमागे होणारं हेलकावणं त्यांना फारसं थांबवता येत नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी. एकदा सुरू झालं की गोळी पोटात टिकतच नाही.

अजून एक. नोरोव्हायरस म्हणजे उलट्या-जुलाब करणारा विषाणू, तो जहाजावर झपाट्याने पसरतो. जेवणाच्या दाराशी सॅनिटायझर असतो पण या विषाणूवर तो फारसा चालत नाही, साबणाने हात धुवा.

रानपाखरू

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मला क्रूझ हा प्रवासच वाटत नाही. तीन-चार हजार माणसं एका गावात सकाळी सोडायची आणि संध्याकाळी उचलायची, त्यात त्या गावाला काय मिळतं आणि आपल्याला ते गाव काय कळतं? डोंगरातली माणसं ज्यांच्या घरी राहतात, ज्यांच्याशी बोलतात, ते नातं इथे कुठे तयार होतं? शिवाय धूर. व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून मोठी जहाजं सेंट मार्क चौकासमोरून जाणं बंद केलं ते उगाच नाही. कातळवाट, तुम्ही इतक्या वर्षांच्या ट्रेकर आहात, तुम्हाला हे खटकलं नाही?

कातळवाट

@रानपाखरू, राग कसला, हा प्रश्न मलाही आहे आणि मी त्याच्याकडे पाठ फिरवत नाही. गर्दी खटकली. केचिकनला एकाच सकाळी तीन-चार जहाजं लागली होती आणि मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दहा मिनिटं चढावर गेलं की मात्र कोणीच नाही, हेही तितकंच खरं.

पण मला जे आवडलं ते म्हणजे काही ठिकाणी लोकांनी मर्यादा घालायला सुरुवात केलीय. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ जहाजांना परवानगी आहे, म्हणून तिथे ती शांतता मिळते. जुनोने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा कंपन्यांबरोबर ठरवून घेतलीय. नॉर्वेने जागतिक वारसा असलेल्या फ्योर्डमध्ये (कड्यांमधल्या समुद्राच्या लांब खाड्या), म्हणजे गायरांगर आणि नॅरॉयफ्योर्ड वगैरे, धूर न सोडणाऱ्याच जहाजांना येऊ द्यायचं ठरवलंय, १०,००० टनाच्या खालच्या जहाजांना २०२६ पासून आणि मोठ्यांना २०३२ पासून. मी पुढचं जहाज निवडताना हे बघणार आहे, छोटं जहाज, आणि एका दिवशी बंदरात किती जहाजं लागतात त्याचं वेळापत्रक बघून. बंदरांची वेळापत्रकं उघडी असतात, कोणीही बघू शकतं.

माणसांशी नातं होत नाही हे मात्र तुमचं मान्य. त्याची भरपाई क्रूझमध्ये होत नाही. माझे ट्रेक मी बंद करत नाहीये, ते तसेच चालू राहणार. ही सुट्टी माझ्या आणि नवऱ्याच्या नात्यासाठी होती आणि तिने ते काम केलं.

रानपाखरू

हे प्रामाणिक उत्तर आहे, पटलं. तरी मी जाणार नाही, पण बायकोला हा धागा वाचायला दिलाय.

हिमरेषा

ताई, तुम्हाला एक्सपिडिशन शिप का नको? अंटार्क्टिकाला शंभर-दोनशे प्रवाशांची जहाजं जातात, रबरी झोडियाक बोटीतून रोज किनाऱ्यावर उतरवतात. तिथे एका वेळी एका जागी १०० पेक्षा जास्त माणसं उतरू देत नाहीत आणि ५०० च्या वर प्रवासी असलेल्या जहाजांना उतरायची परवानगीच नाही. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. आम्ही दोघं गेलो होतो, मी कयाकिंग घेतलं आणि बायको जहाजावरच्या शास्त्रज्ञांची व्याख्यानं ऐकत बसायची, तिला तीच जास्त आवडली. फक्त दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधला समुद्र, ड्रेक पॅसेज, आहे मध्ये, जायला दोन दिवस यायला दोन दिवस, आणि तिथे वाऱ्याला अडवायला पृथ्वीच्या त्या पट्ट्यात जमीनच नाही, त्यामुळे लाटा खऱ्या असतात. गॅलापागोसही आहे, तिथे जहाजाला १०० प्रवाशांचीच मर्यादा.

संथवाहिनी

@हिमरेषा, माहिती छान आहे पण माझ्यासारखीला ड्रेक पॅसेज म्हणजे आराम नाही. रोज ठरलेल्या वेळी बूट-जॅकेट चढवून रांगेत उभं राहायचं ही तुमची सुट्टी झाली, आमची नाही. जोडीदार स्वतःहून म्हणत असेल तरच.

कातळवाट

@संथवाहिनी +१. मला अंटार्क्टिकाला जायला फार आवडेल, पण नवऱ्यासाठी निवडलेल्या सुट्टीत मी माझी मोहीम घुसवणार नाही. गॅलापागोस त्याला दाखवते, तिथे समुद्र त्यामानाने सौम्य आहे.

दर्यावर्दी_काका

दोन वाटांची बंदरं विचारलीत म्हणून लिहितो, आम्हा दोघांचं वय झालं तरी ही अजून गिर्यारोहकच आहे आणि मी बाकावर बसणारा.

केपटाऊन. टेबल माउंटन, एक हजार मीटरच्या थोडं वर. ही प्लॅटेक्लिप घळीतून चढली, मी रोपवेने. १९२९ पासून तो रोपवे चालू आहे. एकच लक्षात ठेवा, वारा सुटला की रोपवे बंद करतात, आणि मग वर गेलेल्याला पायीच उतरावं लागतं, त्यामुळे सकाळी लवकर.

मदेरा बेटावरचं फुंशाल. धक्क्याजवळून माँटेपर्यंत पाळणा जातो, आणि आजूबाजूला लेवादा म्हणजे डोंगरातून पाणी आणणारे जुने कालवे, त्यांच्या काठाकाठाने चालायच्या वाटा आहेत. काही अगदी सपाट, काहींना एका बाजूला कडा.

मॉन्टेनेग्रोतलं कोटोर. गावामागच्या किल्ल्याला १,३५० च्या आसपास पायऱ्या आहेत. मी वर गेलो नाही, खाली चौकात बसलो आणि भिंतीवरून चढणारी माझी बायको किती वर पोचली ते शोधत राहिलो. सावली नाही, उन्हाच्या आधी जायचं. आणि हो, कोटोरला जाताना जहाज खाडीतून वळणं घेत आत शिरतं ते पहाटे उठून दोघांनी बघायचंच, त्यासाठी मीही उठलो.

नॉर्वेत आलेसुंडला आक्सला टेकडी आहे, ४१८ पायऱ्या, आणि वर गाडीरस्ताही जातो. बर्गनला फ्लॉयेन, ३२० मीटर, १९१८ पासूनची फ्युनिक्युलर म्हणजे दोराने ओढली जाणारी चढाची रेल्वे आहे आणि पायवाटही. आम्ही वर भेटलो आणि उतरताना दोघं चालत आलो, उतार मला जमतो.

कातळवाट

काका, अगदी हेच हवं होतं मला! आलेसुंड आणि बर्गन दोन्ही नवऱ्याने काढलेल्या मार्गात आहेत. तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. फ्लॉमही आहे त्या मार्गात. तिथे कोणी ट्रेनने वर जाऊन सायकलने खाली आलंय का? नवरा ट्रेनला लगेच तयार आहे.

हिमरेषा

मी आलोय. फ्लॉम ते मिर्दाल ट्रेन, २० किलोमीटर, उंचीचा फरक साधारण ८६५ मीटर. मिर्दालला उतरून रल्लारवेगेन या जुन्या रेल्वे कामगारांच्या रस्त्याने सायकलने खाली. वरची २१ वळणं फार तीव्र आणि सैल खडीची आहेत, तिथे सायकल हातात धरून उतरा, खाली दरी आहे. त्यानंतर फ्लॉमपर्यंत सुंदर उतार, धबधबे, शेतं. सायकल भाड्याने घेताना ब्रेक स्वतः दाबून बघा. जहाज लवकर सुटत असेल तर सकाळची पहिली ट्रेन आधीच बुक करा, हंगामात जागा मिळत नाही, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला जाणार असाल तर वरच्या भागात बर्फ आहे का ते विचारून घ्या.

कातळवाट

@हिमरेषा, खूप आभार. मग असं ठरवते, वर जाताना दोघं ट्रेनने एकत्र, मिर्दालला तो परतीच्या ट्रेनमध्ये बसेल आणि मी सायकलवर, फ्लॉमच्या धक्क्यावर भेटायचं, ऑल अबोर्डच्या दोन तास आधी. जहाज अजून नक्की नाही, छोट्यातलं बघतेय. कोणाला अशा मार्गावरच्या लहान जहाजांचा अनुभव असेल, विशेषतः केबिन मधोमध मिळाली का आणि सकाळी डेक किती वाजता उघडतात, तर इथेच लिहा.

मुसाफिर_नवी

ताई आणि काका, सगळं लिहून घेतलं. व्हँकूव्हरहूनच जातोय, खालच्या मजल्यावर मधली केबिन मिळाली. सीमोर नॅरोजची वेळ जहाजावर चढल्या चढल्या विचारणार आहे.

गलबत

@मुसाफिर_नवी, भरतीचं वेळापत्रक आदल्या दिवशीही बघता येतं, तुमची तारीख सांगा, मी अंदाज काढून देतो.